सभोवतालचं तापमान

कॉम्प्युटरच्या सुट्या भागांमध्ये ‘कूलर’ नावाची जी वस्तू मिळते, तिचं नाव फसवं आहे. ती काहीही थंड करत नाही. प्रोसेसरमध्ये तयार झालेली उष्णता ती उचलते आणि वीतभर अंतरावरच्या हवेत नेऊन टाकते. काम हमालाचं. घरी मी ‘कूलर घ्यायचाय’ म्हणालो तेव्हा आईच्या डोळ्यांसमोर वाळ्याच्या ताट्या लावलेली पत्र्याची पेटी आली. मुंबईत कूलरचा काय उपयोग, तो नागपूरला, असं ती म्हणाली. तिचं बरोबरच होतं. ताट्यांवरून ओघळणारं पाणी कोरड्या हवेतली उष्णता घेऊन वाफ होतं, म्हणून नागपूरला गारवा मिळतो. आमच्याकडे ट्रॉम्बेला खाडीवरून येणारी हवा आधीच ओलीगच्च असते, तिच्यात आणखी वाफ फारशी मावत नाही. म्हणजे तो नागपूरचा कूलरही उष्णता संपवत नाही, वाफेत लपवून खिडकीबाहेर पाठवतो. उष्णता संपवणारा कूलर अजून कुणी बनवलेला नाही, आणि ऊर्जेचा नियम आहे तसा आहे तोवर बनणारही नाही.

हे सगळं शाळेत शिकलेलं असतं. ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही, दोन गुण. पुढे इंजिनिअरिंगला थर्मोडायनॅमिक्स नावाचा पेपर असतो, तोही सुटतो. पण ज्या दिवशी स्वतःच्या पैशाने कूलर निवडायची वेळ आली, त्या दिवशी या नियमाला एक शेपूट आहे हे माझ्या लक्षात आलं. उष्णता नष्ट होत नसेल तर ती कुठेतरी जाते. आणि जिथे जाते, तिथे बहुतेक वेळा कुणीतरी राहत असतं.

आधी वस्तूविषयी. प्रोसेसर म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यांवरचा कारखाना. त्याला दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. तुम्ही त्याच्यावर हिशोब करा, सिनेमा बघा किंवा गेम खेळा, वॉटच्या भाषेत तो एक छोटा हीटर आहे. ही उष्णता वेळेवर हलवली नाही तर तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर बंद पडतो. म्हणून त्याच्या डोक्यावर धातूचा ठोकळा बसवायचा. सगळ्यात साधा प्रकार प्रोसेसरच्या खोक्यातच फुकट मिळतो, ॲल्युमिनियमच्या पात्या आणि वर एक पंखा. त्याच्या वरचा प्रकार म्हणजे टॉवर. यात तांब्याच्या चार-सहा नळ्या प्रोसेसरपासून वर जातात आणि पातळ पात्यांच्या चळतीतून आरपार निघतात. या नळ्या भरीव वाटतात, पण आत पोकळी असते, हवा काढून घेतलेली, आणि थोडंसं पाणी. खालच्या गरम टोकाला पाणी उकळतं, वाफ वरच्या टोकाला जाऊन थिजते, पाणी आतल्या जाळीतून परत खाली झिरपतं. पंप नाही, मोटर नाही. जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलरने ही कल्पना १९४२ मध्ये पेटंटसाठी मांडली आणि ती विसरली गेली. १९६३ मध्ये लॉस ॲलमॉसच्या जॉर्ज ग्रोव्हरने ती नव्याने शोधली, तेव्हा डोक्यात होती अवकाशात न्यायच्या अणुभट्टीची उष्णता बाहेर कशी काढायची ही अडचण. आज तीच नळी दोन-तीन हजारांच्या कूलरमध्ये असते. ट्रॉम्बेला राहणाऱ्या माणसाला या वंशावळीची गंमत वाटणारच.

तिसरा प्रकार लिक्विड कूलरचा. प्रोसेसरवर छोटा पंप, त्यातून रबरी नळ्यांनी फिरणारं पाणी, आणि कॅबिनेटच्या छताला किंवा समोर लावलेला रेडिएटर. महाग आणि देखणा, बऱ्याचदा सप्तरंगी दिवे लावलेला.

सुटे भाग घ्यायला मी लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण त्या नावाने विचारलं तर ग्रँट रोड स्टेशनबाहेरचा टॅक्सीवालाही गोंधळतो. दुकानदाराने माझ्या यादीवर नजर टाकली आणि म्हणाला, “साहब, लिक्विड लगा लो, एकदम थंडा रहेगा, टेन्शन नहीं.” मी विचारलं, थंड काय राहील? तो माझ्याकडे बघतच राहिला. प्रश्न आगाऊ होता हे मान्य, पण माझ्या मते या सगळ्या खरेदीतला खरा प्रश्न तोच. लिक्विड कूलर लावल्याने प्रोसेसर थंड राहील. खोली राहणार नाही. प्रोसेसर १४० वॉट खात असेल तर फुकटचा कूलर असो, टॉवर असो की पंधरा हजारांचा लिक्विड, खोलीत येणार १४० वॉटच. उलट चांगला कूलर लावला की आजचे प्रोसेसर मिळालेल्या मोकळिकीचा फायदा घेऊन आणखी वेगाने धावतात, म्हणजे आणखी वीज खातात. कूलर जितका चांगला, तितकी खोली थोडी जास्तच गरम. पेटीवर छापलेल्या आकड्यांत हे कुठेच नसतं, कारण ते आकडे प्रोसेसरच्या बाजूने मोजलेले असतात.

त्या आकड्यांबरोबर येणारा एक शब्द मला फार दिवस चावत राहिला, तो म्हणजे ‘ॲम्बियंट’. सभोवतालचं तापमान. कूलरच्या चाचण्या करणारे लोक निकाल असा देतात: प्रोसेसरचं तापमान सभोवतालपेक्षा इतके अंश जास्त. पद्धत योग्यच आहे, कारण हवेवर चालणारा कुठलाही कूलर सभोवतालच्या खाली जाऊ शकत नाही. पण चाचणी करणाऱ्याची खोली वीस-बावीस अंशांवर बांधलेली असते आणि आमची मे महिन्यात तेहतीसवर. निकालाच्या आकड्यात ती मनातल्या मनात मिळवून घ्यायची. इथवर तांत्रिक भाग झाला. त्यापुढचं असं की ‘सभोवताल’ म्हणताना गणितात एक गृहीतक घुसतं. सभोवताल म्हणजे जे अफाट आहे, कितीही उष्णता टाकली तरी ज्याचं तापमान बदलत नाही. प्रयोगशाळेत एसी ते काम करतो. आमच्या घरी ते काम कोण करणार?

आमचं घर पायलीपाड्याच्या बाजूला, एक खोली आणि स्वयंपाकघर. खोली दहा बाय बारा, उंची नऊ फूट. त्यात साधारण छत्तीस किलो हवा मावते. भिंतींनी काहीच शोषलं नाही आणि दार-खिडकी बंद आहे असं धरलं, तर दीडशे वॉटचा कॉम्प्युटर त्या हवेचं तापमान चार मिनिटांत एक अंशाने वाढवेल. प्रत्यक्षात भिंती शोषतात, दार उघडं असतं, गणित इतकं निर्दय नसतं. पण अफाट वगैरे या खोलीत काही नाही. तिच्यात चार माणसं राहतात. बाबांची रात्रपाळी असते. मी सकाळी दहाला कामाला बसतो तेव्हा ते नुकते आडवे झालेले असतात, माझ्या टेबलापासून चार फुटांवर. म्हणजे माझ्या प्रोसेसरचा सभोवताल म्हणजे झोपलेले बाबा.

इथे एक आक्षेप मी स्वतःच घेतला. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा साधारण शंभर वॉट उष्णता देतो. त्या हिशोबाने माझा प्रोसेसर म्हणजे खोलीत आणखी दीड माणूस. गावाहून काका-काकू आणि त्यांची दोन मुलं गणपतीनंतर पंधरा दिवस राहतात, तेव्हा चारशे वॉट वाढतात. घाम सगळ्यांनाच फुटतो. पण त्यांच्या उष्णतेचा हिशोब कुणी मांडलेला मला आठवत नाही. मांडणं असभ्यच वाटेल. मग यंत्राचा का मांडायचा? मला जे उत्तर सापडलं ते वॉटमध्ये नाही. पाहुणे येणार हे आधी घरात बोललं जातं, गाद्या कुठे घालायच्या हे ठरतं, बाबा स्वतःहून म्हणतात की मी बाहेर गॅलरीत झोपेन. उष्णता वाटून घेतली जाते आणि कुणाच्या वाट्याला किती आली हे सगळ्यांना दिसतं. कॉम्प्युटरचं तसं होत नाही. तो माझा. वेग माझा, गेम माझा, कामाचा पगार माझा (यातला काही भाग घरात येतो, ते सोडा), आणि उष्णता मात्र खोलीची. बाबा तक्रार करत नाहीत. पण तक्रार न करणारा माणूस संमती देतोय असं धरायची सवय मला धोकादायक वाटते. आम्ही ट्रॉम्बेकर त्या सवयीच्या चुकीच्या बाजूला बरीच वर्षं राहतोय.

ते कसं, हे सांगायला खोलीबाहेर जावं लागेल. घरामागे डोंगर आहे, डोंगरापलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र. तिथे ४ ऑगस्ट १९५६ ला ‘अप्सरा’ सुरू झाली, १९६० मध्ये ‘सायरस’, १९८५ मध्ये ‘ध्रुव’. आमच्यातल्या बऱ्याच लोकांचा समज असतो की तिथे वीज तयार होते. होत नाही. या संशोधनासाठीच्या भट्ट्या. त्यांच्याकडून हवे असतात न्यूट्रॉन आणि त्यांच्यापासून बनणारे समस्थानिक, जे रुग्णालयांपर्यंत जातात. उष्णता हा नको असलेला भाग. ‘सायरस’ची क्षमता ४० मेगावॉट होती, ‘ध्रुव’ची १००, आणि ही उष्णता पाण्याच्या बंद चक्राने गाभ्यातून उचलायची आणि शेवटी समुद्राच्या पाण्याला द्यायची. आत फिरणारं पाणी बाहेरच्या पाण्यात मिसळत नाही, फक्त उष्णता पलीकडे जाते. लिक्विड कूलर उघडून बघितलेल्या कुणालाही ही आकृती ओळखीची वाटेल. कॉम्प्युटरचंही असंच आहे: हवा असतो हिशोब, आणि खाल्लेली सगळी वीज नको असलेली उष्णता होऊन निघते.

अणुतंत्रज्ञांच्या भाषेत या साखळीच्या शेवटच्या टोकाला एक नाव आहे, ‘अल्टिमेट हीट सिंक’, उष्णतेचं अंतिम कुंड. कॉम्प्युटरवाल्यांचा हीटसिंक म्हणजे पात्यांचा ठोकळा. खरं तर तो वाटेतला थांबा. अंतिम कुंड पुढे कुठेतरी असतं. भट्ट्यांच्या अभियंत्यांना ते नाव देऊन रेखाटनात दाखवावंच लागतं, कारण ते हातचं गेलं तर काय होतं हे जगाने २०११ मध्ये फुकुशिमाला पाहिलं. आम्हाला दाखवावं लागत नाही म्हणून आम्ही विचारत नाही, एवढाच फरक. ‘सायरस’च्या बाबतीत एक गोष्ट मला फार आवडते. तिच्या उत्तरकाळात तिथे वाया जाणाऱ्या उष्णतेवर समुद्राच्या पाण्यापासून शुद्ध पाणी करणारा छोटा संच जोडला होता, दिवसाला तीस टनांचा. एकूण उष्णतेच्या मानाने किरकोळ. पण कुणीतरी बसून विचार केला होता की हे टाकण्याऐवजी वापरता येईल का. ३१ डिसेंबर २०१० ला ‘सायरस’ कायमची बंद झाली.

वीज तयार होते ती थोडं पुढे, माहुलच्या बाजूला, टाटांच्या औष्णिक केंद्रात. १९५६ पासून तिथे संच चालू आहेत. आज कोळशाचे दोन, ५०० आणि २५० मेगावॉटचे, आणि वायूवरचा एक, १८० चा. अशा केंद्रात जाळलेल्या कोळशाच्या उष्णतेपैकी एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग वीज होतो. उरलेल्याचा मोठा वाटा खाडीतून आत घेतलेलं पाणी तापवून परत खाडीत जातो, काही धुराड्यातून वर. म्हणजे माझ्या टेबलावरचा कूलर एक वॉट उष्णता हलवत असतो, तेव्हा त्याच विजेपायी आणखी पाऊणदोन वॉट माझ्या खोलीत न येता कुठेतरी आधीच टाकून झालेली असते. ग्रिडमध्ये सगळीकडची वीज मिसळते, त्यामुळे माझे इलेक्ट्रॉन माहुलचेच आहेत असं म्हणता येणार नाही. पण मुंबई आपल्या विजेचा एक वाटा इथे शिजवते, आणि त्या वाट्याची उष्णता ठाण्याच्या खाडीच्या तोंडाशी सोडते. नव्या किनारी औष्णिक प्रकल्पांसाठी नियम आहे की सोडलेल्या पाण्यामुळे मूळ पाण्याचं तापमान सभोवतालपेक्षा ७ अंशांहून जास्त वाढू नये. नियमातही तोच शब्द आहे, ॲम्बियंट. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, हे पाठ्यपुस्तकात आहे. मासळी कमी झाली, हे ट्रॉम्बे आणि माहुलच्या कोळीवाड्यांत कुणालाही विचारा. या दोन वाक्यांच्या मध्ये रिफायनऱ्या, सांडपाणी, भराव, ट्रॉलर असं पुष्कळ काही आहे आणि सगळं खापर उष्णतेवर फोडणं बेइमानी होईल. कोळ्याच्या दृष्टीने मात्र ती वाटणी करत बसण्यात अर्थ नाही. तो कुंडाच्या काठावर राहतो, वरून काय काय येतं याची यादी त्याला कुणी दिलेली नाही.

कुंड नैसर्गिक असतं असा एक समज असतो: समुद्र आहेच, डोंगराआड जागा आहेच. ट्रॉम्बेची गोष्ट तशी नाही. हा भाग मुंबईचा ‘बाहेर’ व्हावा हे ठरवलं गेलं, टप्प्याटप्प्याने. देवनारला कचरा १९२७ पासून. मग पन्नाशीच्या दशकात दोन रिफायनऱ्या, अणुकेंद्र, वीजकेंद्र, नंतर खतांचा कारखाना. या सगळ्यासाठी कारणं होती आणि बरीचशी चांगली होती, देश उभा राहत होता. पण शहर आपला नकोसा भाग एका ठिकाणी ठेवायला लागलं की नकोशा वस्तूंपाठोपाठ नकोशी माणसंही तिकडेच ठेवण्याचा मोह त्याला होतो. मानखुर्दच्या जनता कॉलनीत सुमारे सत्तर हजार लोक राहत होते, त्यांच्यापैकी अनेकांना महापालिकेनेच आधी तिथे आणून वसवलेलं. ती जमीन अणुकेंद्राला हवी होती. लोक न्यायालयात गेले, दिल्लीपर्यंत गेले. आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, वस्ती पाडली गेली आणि माणसांना दलदलीच्या जागेवर आणून सोडलं. तोच आमच्या शेजारचा चिता कॅम्प. ज्यांना पुढे २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला त्या जॉकिन अर्पुथम यांचं काम या लढ्यातून उभं राहिलं. चाळीस वर्षांनी हेच माहुलला झालं. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या वस्त्या हटवल्या आणि लोकांना रिफायनऱ्यांच्या पुढ्यातल्या बहात्तर इमारतींमध्ये पाठवलं, जेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच तिथली हवा आरोग्याला धोकादायक असल्याचं मान्य केलेलं होतं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की लोकांना तिथे राहायची सक्ती करता येणार नाही.

आता माझ्या धंद्याविषयी. ऑफिसने दिलेला लॅपटॉप मांडीवर घेतला तरी गार लागतो. कारण जड काम त्याच्यावर होतच नाही. मी एक कळ दाबतो आणि कोड कंपाइल होतो कुठल्यातरी सर्व्हरवर, ज्याला आम्ही क्लाउड म्हणतो. हा शब्द ज्याने रूढ केला त्याला दाद द्यायला हवी. ढग म्हटल्यावर कुणाला गरम काही आठवणार? प्रत्यक्षात खाडीच्या पलीकडे ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात डेटा सेंटरं आहेत, आणि मुंबई हे देशातलं त्यांचं सगळ्यात मोठं ठाणं आहे. माहुलचे कोळशाचे संच बंद करण्याकडे वाटचाल चालली होती. २०२३ च्या अखेरीस ती थांबली आणि त्यांना आणखी पाच वर्षं मिळाली. शहराची विजेची मागणी वाढतेय हे कारण दिलं गेलं. त्या वाढीत डेटा सेंटरांचा वाटा मोठा आहे. म्हणजे माझा लॅपटॉप गार राहतो, कारण माहुलची भट्टी गरम राहते. हे विधान थोडं नाट्यमय झालं, पण त्यातलं खोटं काही मला सापडलेलं नाही.

म्हणून घरी जुळवलेल्या कॉम्प्युटरकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघायला लागलो. (घ्यायची कारणं तीन होती: कामाचा सराव, छोटी भाषा-मॉडेल्स स्वतःच्या यंत्रावर चालवून बघणं, आणि गेम. पहिली दोन घरी सांगायची.) उष्णतेतला निदान शेवटचा तुकडा तरी तो परत माझ्या पुढ्यात आणतो. पंख्याचा आवाज वाढला की कळतं, आता आपण काहीतरी मागितलं. ऑफिसातला एक मित्र याला भाबडेपणा म्हणतो. त्याचे मुद्दे कच्चे नाहीत. मोठं डेटा सेंटर तेच काम माझ्या खोलीपेक्षा कमी विजेत करतं, यंत्रं रिकामी बसत नाहीत, गारव्याची सोय हुशारीने केलेली असते. हे खरं आहे. दुसरा मुद्दा आकाराचा. मी ज्या प्रोसेसरांमध्ये घुटमळत होतो त्यातला एक रायझन ५ ७६००, ६५ वॉटचा म्हणून विकला जाणारा, प्रत्यक्षात कमाल ८८ वॉट घेणारा. दुसरा ७६००एक्स, नावाला १०५, कमाल १४२. (टीडीपी हा आकडा वीज किती खातो हे सांगतो असा अनेकांचा समज असतो. तो कूलरच्या रचनेसाठी काढलेला आकडा आहे.) दोघांच्या वेगात फरक काही टक्क्यांचाच, कारण वीज व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते आणि शेवटचा थोडासा वेग मिळवायला व्होल्टेज बरंच चढवावं लागतं. फरक ५४ वॉट. मित्राने तिथल्या तिथे भागाकार केला: टाटांच्या ट्रॉम्बे केंद्राच्या ९३० मेगावॉटचा हा सुमारे एक कोटी बहात्तर लाखावा भाग. याने खाडीत काय बदलणार?

काही नाही. डेरेक पार्फिट या इंग्रज तत्त्वज्ञाने १९८४ च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’मध्ये याच वळणाचं एक उदाहरण घेतलंय. हजार छळ करणारे, हजार कैदी. प्रत्येक छळणारा एकेक बटण दाबतो, त्याने प्रत्येक कैद्याचं दुःख जाणवणारही नाही इतकं थोडं वाढतं. सगळ्यांनी दाबल्यावर वेदना असह्य. मी काही जाणवण्यासारखं केलंच नाही, असं यातला प्रत्येकजण खरेपणाने म्हणू शकतो. पार्फिट म्हणतो, तरीही ते चूक करताहेत. मला हे पटतं, पण पूर्ण नाही. त्या गोष्टीतल्या बटणाला दुसरा काही उपयोग नाही, माझ्या बटणाने काम होतं, घर चालतं. बटणच दाबू नका, असं म्हणणाऱ्याला मी ऐकणार नाही, आणि चिता कॅम्पातल्या ज्या मुलाला अजून लॅपटॉपही मिळालेला नाही त्याला ऐकवणार तर मुळीच नाही. ५४ वॉटांविषयी माझं म्हणणं याहून लहान आहे. त्या वाढीव विजेच्या बदल्यात मला जे मिळणार होतं ते माझ्या लक्षातही आलं नसतं. कैद्याला न जाणवणारं दुःख आणि मला न जाणवणारं सुख, यांची अदलाबदल करायला कारण तरी काय? आणि खाडीला जाणवलं नाही तरी चार फुटांवर झोपलेल्या माणसाला ५४ वॉट जाणवतात. भागाकार करताना आपण कुठला सभोवताल छेदात घेतो, यावर सगळं आलं. मित्राने सगळ्यात मोठा घेतला. मोठा घेतला की नेहमीच शून्य येतं.

सोपी वाट म्हणजे एसी. बहीण म्हणालीच, एवढा खर्च करतोयस तर हप्त्यावर एसी घे. एसीचं उत्तर गॅलरीत मिळतं. आमच्या मजल्यावर तिघांकडे एसी आहे आणि तिघांची आउटडोअर युनिटं जाण्यायेण्याच्या वाटेवर तोंड करून बसवलेली आहेत. संध्याकाळी तिथून जाताना पोटऱ्यांवर झोत येतो. आतली उष्णता अधिक ती हलवायला खर्चलेली वीज, दोन्ही मिळून बाहेर, ज्याच्याकडे एसी नाही त्याच्या दारात. मग त्यालाही एसी लागतो. क्लॉसियसने १८५० मध्ये सांगितलं होतं की थंडाकडून गरमाकडे उष्णता फुकटात नेता येत नाही. शेजाऱ्याच्या नावावर बिल फाडता येतं, हे त्याने सांगायची गरज नव्हती. एसी असणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. त्यातल्या एका घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे.

शेवटी ७६०० घेतला. त्याच्या खोक्यातला फुकटचा कूलर उष्णता हलवायला पुरला असता, पण लहान पंखा जोरात फिरवून तो गोंगाट करतो आणि गोंगाटही झोपलेल्यालाच जातो. म्हणून मध्यम टॉवर, १२० मिलिमीटरचा पंखा, सावकाश फिरणारा. बायॉसमध्ये जाऊन विजेची कमाल मर्यादा आणखी खाली ओढली. कंपाइल करायला काही सेकंद जास्त लागतात. समोर बारीक जाळी लावली, कारण इथल्या हवेतली धूळ आणि खाडीचा खारटपणा पात्यांवर बसतो. ती दर पंधरवड्याला झाडावी लागते आणि झाडताना काळं काय निघतं ते बघण्यासारखं असतं. ग्राफिक्स कार्डाचा हिशोब मी या लेखात मुद्दाम घेतलेला नाही. तो याहून मोठा आहे आणि त्यावर घरात अजून चर्चा चालू आहे. रात्री मॉडेल चालवायचं असलं की बाबा कामावर असतात. दिवसा मात्र जड काम मी अजूनही क्लाउडवरच पाठवतो. म्हणजे बाबांना त्रास नको म्हणून ते कुठे पाठवतो, हे वर लिहिलेलंच आहे.

एक गोष्ट अजून ठरलेली नाही. कॅबिनेटची पाठ सध्या खोलीकडे आहे. बहिणीचं म्हणणं, टेबल फिरवून पाठ खिडकीकडे करावी, गरम हवा परस्पर बाहेर जाईल. बरोबर आहे तिचं. खिडकी गॅलरीत उघडते. तिच्याखाली दुपारी शेजारच्या मावशी चटई टाकून कोळंबी सोलत बसतात, कारण त्यांच्या घरात त्याहून जास्त उकडतं. मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, कर की, मला काय होतंय. टेबल अजून जागच्या जागी आहे.